डाव्या बुटातला कापूस

सकाळी जिन्यात कोणीतरी माझ्या नवऱ्याला हाक मारली. "अरिस्तिदी! अरे थांब, अरिस्तिदी!" नवरा मरून वीसेक वर्षं झाली. तरी माझा हात आपला आपण शेगडीवरच्या कॉफीकडे गेला, कारण हाक आली की हा आधी कॉफी संपवायचा आणि मग दार उघडायचा, जग बुडत असलं तरी. मग आवाज ओळखला. चौथ्या मजल्यावरची वूला. अठरा-एकोणीस वर्षं ही बाई आपल्या पोराला जिन्यात "बेनी, बेनी" करून हाका मारत आली. ते त्यांचं अल्बेनियन बोलीतलं घरचं नाव. आणि आज पहिल्यांदा, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा गळ्याने, तिने माझ्या माणसाचं नाव घेतलं. दार उघडलं तर संगमरवराच्या पायऱ्यांवरून पाणी उतरत होतं, संथ, शहाण्यासारखं, एकेक पायरी चाचपत, आणि बरोब्बर माझ्या पायपुसण्यापाशी येऊन थांबलं. पोरगा सैन्यात निघाला की आई त्याच्या पाठीमागे पाणी ओतते. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये. आमच्यातही ओततात, त्यांच्यातही. माझ्या मुलाच्या वेळी मी ओतलं होतं, एक पेला. हिने बादली ओतली.

"बाई, माफ करा हं, जरा जास्तच सांडलं," वूला वरून म्हणाली. डोळे लाल, पण हनुवटी वर. "देशाची सीमा राखायला धाडतेयस की माझा जिना धुवायला?" मी म्हटलं. पोरगा हसला. डोकं भादरून आला होता, कान दोन्ही बाजूंना उघडे पडले होते, खांद्यावर पिशवी. खाली वाकून माझ्या हाताचा मुका घेतला. "नोना, येतो." नोना म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जिने तुम्हाला हातात धरलं आणि नाव दिलं ती बाई, आईनंतरची आई, असं पाद्री म्हणतात. मी म्हटलं, "ये. आणि तिथे डाव्या बुटात..." एवढं बोलले आणि थांबले, कारण वूला ऐकत होती. "काय नोना?" "काही नाही. ओले पाय घेऊन जाऊ नकोस." तो उतरून गेला आणि मी पायपुसणं पिळायला घेतलं. पिळता पिळता पोटात काहीतरी फिरलं, उपाशीपोटी लिंबू खाल्ल्यासारखं. हे मला ओळखीचं आहे. माझी धाकटी बहीण माझ्याआधी नवरीच्या वेषात उभी राहिली तेव्हा हेच झालं होतं. याला लोक वेगवेगळी नावं देतात. मी चौथीपर्यंत शिकले, मला एकच नाव माहीत आहे. दुसरीच्या ताटात आपला घास दिसला की जे होतं ते.

तो घास मीच वाढला होता, हे कोणी मला सांगायला नको. आमच्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. त्याने नाव पुन्हा उठून उभं राहतं, मेलेला माणूस परत घरात हाका ऐकू लागतो. माझा अरिस्तिदिस, हाकेत अरिस्तिदी, गेला त्याच वर्षी सुनेला दिवस गेले. मी काळ्या कपड्यांत होते, पण आतून हसत होते, की बघ, फार दिवस मातीत पडून राहावं लागणार नाही तुला. बाप्तिस्म्याच्या दिवशी मुलगा-सून राहतात त्या ग्लिफादातलं ते मोठं चर्च, पांढरी फुलं, सुनेची बहीण बाळ हातात घेऊन उभी. पाद्र्याने विचारलं, "नाव?" आणि ती म्हणाली, "यासोनास." मी आधी समजले ती कोणा पाहुण्याला हाक मारतेय. माझा मुलगा स्ताथिस बुटांकडे बघत होता. सून दानाए नंतर म्हणाली, "आई, अरिस्तिदिस फार जुनं वाटतं हो, शाळेत मुलं चिडवतील." मी म्हटलं, "नाही चिडवणार. तुझ्या नवऱ्याला नावं ठेवतील तेवढी पुरे." बाप्तिस्म्याला वाटतात ते साखरेचे बदाम मी खाल्ले नाहीत. पिशवीत घालून घरी आणले आणि कबुतरांना टाकले. त्यांनीही खाल्ले नाहीत.

वूला तेव्हा माझ्याकडे जिना आणि खिडक्या पुसायला यायची. तिचं खरं नाव बुकुरी. माझी जीभ काही त्या नावावर बसेना, म्हणून मी वूला म्हटलं आणि मग आमची सगळी किप्सेली वस्ती वूला म्हणू लागली. नवरा गिलावा करायचा, पाठ धरलेली, बाळ पाळण्यात. "बाई, पोराचा बाप्तिस्मा करायचाय," ती फडकं पिळता पिळता म्हणाली, "इथेच वाढायचंय त्याला, चार लोकांसारखं होऊ दे. तुम्ही नोना व्हाल का?" नाव आमचं ठरलं होतं, आंद्रेआस. साधं, स्वस्त, कोणाचंच नाही. आणि मी त्या तेलकट, लाथा झाडणाऱ्या पोराला हातात धरून उभी होते, पाद्र्याने विचारलं, "नाव?" आणि माझ्या तोंडून, त्या चर्चच्या काचा हलतील अशा आवाजात निघालं: "अरिस्तिदिस!" नाव सांगायचा हक्क नोनाचा, आईबापाला तिथेच कळलं तरी चालतं. वूलाने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग ती रडली, आनंदाने, की बाईने आपल्या माणसाचं नाव आमच्या पोराला दिलं, केवढं मन! मी तिला तसं समजू दिलं. मला आजही त्याची लाज नाही. नाव माझं होतं, कुठे ठेवायचं ते मी ठरवलं, आणि ग्लिफादापर्यंत बातमी पोचली तेव्हा दानाए दोन दिवस अंथरुणातून उठली नाही म्हणतात. पण रागाच्या भरात दागिना काढून दुसरीच्या गळ्यात घालावा, आणि मग वर्षानुवर्षं समोरच्या जिन्यात तो तिच्या गळ्यात शोभताना बघावा, हे काय असतं ते मला विचारा. बाप्तिस्म्याने आम्ही दोघी कुंबारा झालो, म्हणजे बहिणीसारख्या, एकमेकींना अगं-तुगं करायचं. तिने "बाई" सोडलं नाही. मीही सोड म्हटलं नाही.

पायपुसणं वाळत घातलं आणि खाटकाकडे गेले. पान्देलिस खाटीक गेली कित्येक वर्षं तोच सुरा आणि तेच विनोद वापरतो. "काय एव्हान्थियाकाकू, तुमचा अल्बेनियन गेला म्हणे सैन्यात? आता आमची सीमा अल्बेनियन राखणार, अल्बेनियनांपासून!" दुकानातल्या बायका हसल्या. मीही हसले असते. पण तो पुढे म्हणाला, "आणि तुमचा यासोनास कधी जाणार?" सुरा हाडावर वाजला. "त्याची पाठ दुखते," मी म्हटलं. "अरे देवा, एवढ्या तरुणपणी?" "तुझ्या मटणाने." पैसे टाकून बाहेर आले आणि चौकातल्या बाकावर बसले, मटणाची पिशवी मांडीवर, गार. यासोनासची पाठ दुखत नव्हती. यासोनासकडे वेड्याचा कागद होता. बापाच्या ओळखीचा कुणी डॉक्टर, दोन भेटी, आणि कागदावर असं काहीतरी की हा मुलगा बंदूक हातात द्यायच्या लायकीचा नाही. माझ्या घराण्यात! माझा सासरा चाळीस साली अल्बेनियाच्या डोंगरात बर्फात लढला आणि पायाची तीन बोटं तिथेच ठेवून आला. नवरा चौऱ्याहत्तर साली, सायप्रसच्या वेळी, दाढीला साबण लावलेला असताना रेडिओ ऐकून तसाच निघाला. अर्धी दाढी करून युद्धावर गेला आणि सुदैवाने युद्ध झालं नाही. स्ताथिसने दोन वर्षं केली, कुरकुरत, पण केली. आणि आता त्या बर्फातून, त्या डोंगरांतून उतरून आलेल्या बाईच्या पोराने ओळखपत्र मिळायला वर्षानुवर्षं रांगा लावल्या, ते मिळालं तसं सैन्याचं बोलावणं आलं, तर तो कागद त्याने कपाटाच्या काचेत लावला, लग्नाच्या फोटोसारखा. आई अजून दर काही वर्षांनी राहण्याचा परवाना नवा करून आणते. पोरगा देशाचा, आई भाड्याची. आणि तरी मान कशी ताठ.

त्या रविवारी यासोनास जेवायला आला. देखणा आहे, उंच आहे, हातात अंगठ्या, केसांची लहानशी शेंडी. मी लिंबू घालून कोंबडी केली होती. आरशाखालच्या खणात काडेपेटी शोधताना त्याला ताईत सापडला. काळं पडलेलं कापड, बोटाच्या पेराएवढं, माझ्या सासूने शिवलेलं. आत पवित्र लाकडाचा कपटा आहे म्हणतात. उसवून कोणी पाहिलं नाही. सासऱ्याने तो बर्फात छातीवर बांधला होता, नवऱ्याने अर्ध्या दाढीसकट शर्टाला टाचला होता, स्ताथिसने खिशात ठेवला होता. सासूबाई मरेपर्यंत एकच गोष्ट सांगायच्या: "छातीवर बांधला म्हणून छाती राहिली, बोटं गेली. मेल्याने बुटात ठेवला असता तर बोटंही राहिली असती." आणि स्वतःच हसायच्या, मग तोंडावर क्रूस काढायच्या. "आजी, हे भारी आहे," यासोनास म्हणाला, "मला दे ना, गळ्यात घालतो. सुट्टीत बेटावर जातोय." "ते बेटावर घालायचं नाही." "मग कुठे?" "जिथे तू गेला नाहीस तिथे." तो हसला. "आजी, मी वेडा आहे. सरकारने लिहून दिलंय. वेड्याशी वाद घालू नये." मी ताईत परत खणात टाकला. मग बराच वेळ तो कोंबडीचं हाड ताटात फिरवत राहिला आणि एकदम, न हसता म्हणाला, "मला तिथे झोप नसती लागली, आजी. खरंच." खिडकीतून उन्हाची पट्टी टेबलावर आली होती. मी पाव पुढे सरकवला. त्याच्या चपला दाराशी पडल्या होत्या, लांब, अरुंद. मला एकदम जाणवलं की याचे पाय कसे आहेत ते मला माहीत नाही. ईस्टरला पोराला मेणबत्ती आणि नवे बूट द्यायचे ते त्याच्या नोनाने, दानाएच्या बहिणीने दिले, दरवर्षी. मी कधी त्याचा मोजा काढला नाही.

दुसऱ्या पोराचे पाय मात्र मला माझ्या हातांसारखे पाठ. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मी त्याला घेऊन पातिसिओन रस्त्यावरच्या बुटांच्या दुकानात जायचे; वूला त्या दिवसांत लोकांची घरं पुसत असायची, कारण सणाआधी सगळ्या बायकांना घर लख्ख हवं असतं. तो दिवस माझा. बाकावर उभा करून दुकानदाराने पहिल्यांदा पाय मापला तेव्हा मीच म्हटलं, "थांब. डावा परत माप." डावा नखभर लहान. मग नेहमी उजव्या पायाचा नंबर घ्यायचा आणि डाव्या बुटात टाचेपाशी कापसाची घडी घालायची, चपटी, कडेने थोडी विरलेली. नाहीतर टाच निसटते, पोर डावा पाय किंचित आत वळवून, ओढत चालतं, आणि दोन दिवसांत फोड. कापूस घालूनच मी बूट द्यायचे. आईला ठाऊक नव्हतं असं मी म्हणत नाही. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. कुणाचं काय, कुणाचं काय. माझ्याकडे तेवढी एक टाच होती.

तीन आठवडे गेले असतील. वूला खाली आली, दाराबाहेरच उभी. "बाई, शुक्रवारी त्याची शपथ आहे. घरच्यांना बोलवतात. नवऱ्याच्याने बसमध्ये बसवत नाही. तुम्ही येता का? फोनवर म्हणाला, नोनाला आण." "मला काय काम तिथे? तू आई आहेस." "तरी." "उन्हात उभं राहायचं, भाषणं ऐकायची. माझे गुडघे बघ." "बरं बाई," ती वळली. "बस किती वाजता आहे?" मी विचारलं. शुक्रवारी मी पास्तित्सियोचा थाळा घेऊन उतरले, खिम्याचे थर, वर पांढरा रस्सा भाजून लालसर झालेला, कापडात बांधलेला. ती पालकाची पोळी घेऊन आली, तिच्या गावाकडची, कागदासारख्या पापुद्र्यांची, थाळा माझ्याहून मोठा. बसमध्ये दोन्ही थाळे मांडीवर घेऊन बसलो, शेजारी शेजारी, जणू तराजूत. वाटेतल्या कालव्यावरून बस गेली तेव्हा तिने क्रूस काढला. चुकीच्या वेळी, तिथे चर्च नव्हतं. माझ्या पर्समध्ये ताईत होता. द्यायला नव्हे. घरात एकटा ठेवायचा नव्हता एवढंच. चोर वाढलेत. कापसाचं पुडकंही होतं, पण ते माझ्या पर्समध्ये नेहमीच असतं. कानासाठी.

छावणीच्या मैदानात आयांना दोरीमागे उभं केलं होतं. थाळे, छत्र्या, आजोबा घडीच्या खुर्च्यांवर. मग बँड वाजला आणि पोरं आली. मला वाटलं होतं, बघताच दिसेल. पण ती सगळी एकच होती. शेकडो भादरलेली डोकी, शेकडो उघडे कान, एकच हिरवा रंग, टोपीच्या सावलीत एकच तोंड. आयांच्या रांगेतून कुजबुज उठली: "तो का? नाही गं, तो नव्हे, तिसरा." एका बाईने भलत्याच पोराला हात हलवला आणि ते बिचारं लाजलं. वूला टाचा उंचावून एकेक तोंड बघत होती, ओठ हलत होते, "बेनी, बेनी," पुन्हा तेच जुनं नाव. त्यांनी उजवे हात वर केले, तीन बोटं जोडली, आणि शपथेचे शब्द एका घशातून आल्यासारखे आले. त्यात कोण कुठून आलं, कोणाचा बाप गिलावा करतो, कोणाच्या बापाची गाडी छावणीबाहेर सावलीत उभी आहे, काही कळेना. मला ते आवडलं नाही. एवढा खटाटोप करून नाव दिलं, ते काय असं मिसळून टाकण्यासाठी? आणि त्याच वेळी मनात आलं की यासोनास इथे असता तर मी त्याला कसा शोधला असता? तोंडावरून? तोंड तर कोणाचंच दिसत नव्हतं. मी मान खाली घातली. खाली बूट होते. काळे, सारखे, रांगेने. ते निघाले, डावा, उजवा, डावा, उजवा, आणि चौथ्या ओळीत एक डावा बूट किंचित आत वळला, जमिनीला घासला, अर्धा क्षण उशिरा टेकला.

मी वर पाहिलं. तोच. वूला दुसऱ्या टोकाला बघत होती, तिसऱ्या ओळीतल्या कुणाकडे तरी डोळे लावून, हात छातीशी. मी तिला कोपराने ढोसलं नाही. सांगेन, म्हटलं, सांगेन, जरा थांब. ती सगळी वर्षं तिच्याकडे, हे थोडे श्वास माझ्याकडे. लिंबू पिळल्यासारखं पोट पहिल्यांदा गोड झालं.

रांगा सुटल्या तशी आयांची झुंबड दोरीखालून आत घुसली. वूला थाळा घेऊन डावीकडे धावली. मी उजवीकडे गेले, गुडघे असून. तो एका भिंतीच्या सावलीत, कठड्याला टेकून उभा होता, पाय उचलून. मला बघून तोंड फुललं आणि पहिला शब्द काय, "नोना, डावा बूट चावतोय." "दिसलं," मी म्हटलं. "अख्ख्या देशाला दिसलं. कापूस कुठाय?" "इथे कुठला कापूस? मागितला असता तर पोरं हसली असती." "हसू देत. बस खाली." मी कुणापुढे वाकत नाही, पाद्र्यापुढेसुद्धा गुडघ्याचं निमित्त सांगते. त्या दिवशी मी भर मैदानात जमिनीवर बसले, काळ्या घागऱ्यासकट, आणि त्याच्या बुटाची नाडी सोडली. मोजा टाचेपाशी लाल झाला होता. तो कुरकुरला, "नोना, साहेब बघतायत." "बघू देत. त्यांनाही आया असतील."

पर्स उघडली तेव्हा कापसाच्या पुडक्याबरोबर ताईत हाताला लागला. मी तो हातात धरून बसले. मग म्हटलं, "गुंडी काढ वरची." त्याने शर्टाची गुंडी काढली. आत, बनियनला, छातीच्या बरोब्बर डाव्या बाजूला, एक लहानशी लाल पुरचुंडी टाचलेली होती, बारीक, नीट टाक्यांनी. "आईने दिली," तो म्हणाला. "तिच्या आजीची आहे. गावाहून येताना एवढीच आणली होती म्हणे." हो. शिवणारच. मीच का तेवढी शहाणी? पिन टाचायला तिथे आणखी जागा होती, उजवीकडे, खाली, कुठेही. पण मला दुसरी जागा नको होती. त्या लाल पुरचुंडीखाली माझं काळं चिंधोटं, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं? नाही. "लाव गुंडी," मी म्हटलं. बापरे, काय ऊन होतं. पोरं खात होती, हसत होती, कुठेतरी एक बाप रडत होता. मला सासूबाईंचं ते हसणं आठवलं, आणि मग तोंडावर काढलेला क्रूस. मी कापसाची घडी केली, चपटी, आणि त्या घडीच्या पोटात ताईत ठेवला. त्याला दिसू दिलं नाही. तो मैदानाकडे बघत आईला शोधत होता. पवित्र वस्तू पायदळी घालायची नसते, हे मला पाद्र्याने शिकवायला नको. पाप लागलं तर मला लागेल. छाती तिची होती. टाचेवर मात्र कुणी हात ठेवलेला नव्हता. घडी बुटात सारली, बोटाने कड दाबली, नाडी बांधली. "चालून दाखव."

तो चालला. चार पावलं, मग वळून परत. डावा, उजवा, डावा, उजवा. बूट सरळ पडला. "जादू आहे नोना," तो म्हणाला. मी म्हटलं, "गुडघा धर आणि मला उठव."

तेवढ्यात वूला आली, धापा टाकत, पोळीचा थाळा वाकडा झालेला, पापुद्रे सांडत. तिने त्याला धरलं आणि ती दोघं आपल्या बोलीत काय बोलली ते मला कळलं नाही. मी तिकडे पाठ करून पास्तित्सियो कापत राहिले. त्याने दोन्ही थाळ्यांतलं खाल्लं, एकाच काट्याने, एकावर एक, आणि कुठलं चांगलं झालंय ते सांगितलं नाही. शहाणा आहे. कोणीतरी शिट्टी मारली, कोणीतरी यादीतून आडनाव पुकारलं आणि पुढे, आवाज चढवून, नाव: "अरिस्तिदिस!" मी मान वळवली नाही. "हजर!" तो ओरडला आणि पळत गेला, न लंगडता.

परतीच्या बसमध्ये थाळे रिकामे होते, म्हणून हलके. कालवा गेला. वूला खिडकीला डोकं टेकून होती. मला वाटलं झोपली. "कुंबारा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ऐकलं न ऐकलंसं केलं, पण तिने माझ्या बाहीला धरलं. "तू कसं ओळखलंस गं त्याला? मी आई असून..." "तू तोंडं बघत होतीस," मी म्हटलं. समुद्र उजवीकडे आला, मग गेला. "आणि खाली बसून त्याला काय देत होतीस? मी लांबून पाहिलं."

पर्स मांडीवर होती. आज ती कशी रिकामी, हलकी लागत होती.

"कापूस," मी म्हटलं.